सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर: आधी तपासणी, मग सराव, कानस सगळ्यात शेवटी

अमेरिकेत राहून जुन्या धर्तीची रिव्हॉल्व्हर जमवण्याच्या आणि सुधारण्याच्या छंदात नव्याने शिरलेल्या मराठी मंडळींचा घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. रिव्हॉल्व्हर घरात येतं आणि लगेच मूठ बदलली जाते, स्प्रिंग हलकी केली जाते, कुणी तर पुढची माशीही (नळीच्या टोकावरची निशाणी) घासून टाकतं. नेमबाजीच्या मैदानावर गेल्यावर मग कळतं की सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता दंडगोल) पहिल्यापासूनच नीट अडकत नव्हता. आता हा दोष मूळचा की आपण केलेल्या कामाचा, हे सांगायला काही उरलेलं नसतं.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने ओढावा लागतो असं रिव्हॉल्व्हर. त्याची दोन कुळं इथे धरली आहेत. पहिलं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी आणि तिच्या धर्तीवर इटलीत उबर्टी, पिएट्टा बनवतात ती. दुसरं रुगरचं: सिंगल-सिक्स, ब्लॅकहॉक, व्हकेरो. बाहेरून ती सारखी दिसली तरी आतली यंत्रणा वेगळी आहे. एका कुळाची रीत दुसऱ्यावर चालवली की काहीतरी मोडतंच.

## टप्पा १: कायद्यात आपण कुठे बसतो ते पाहा

हा टप्पा वगळून पुढे जाऊ नका. एच-१बी, एल-१, विद्यार्थी किंवा डिपेंडंट अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही सर्वसाधारणपणे मना आहे. याला थोडे अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना हा त्यातला सगळ्यात जास्त चर्चेतला. पण मित्राच्या सांगण्यावर त्या अपवादावर विसंबू नका, वकिलाला विचारा. चूक झाली तर प्रश्न दंडावर सुटत नाही, इमिग्रेशनच गोत्यात येतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना संघीय पातळीवर खरेदी करता येते. राज्याचे आणि शहराचे नियम त्याहून कडक असू शकतात.

दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून हँडगन थेट हातात घेता येत नाही. ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे यावी लागते, तिथे फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची आणि मग ताबा मिळायचा. जुन्या वस्तूंचा नाद लागला तर ‘क्युरिओ अँड रेलिक’ संग्राहक परवाना काढता येतो. सर्वसाधारणपणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली शस्त्रं त्यात मोडतात. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र संघीय कायद्यात ‘अँटिक’ धरलं जातं. पण सगळी राज्यं तसं मानत नाहीत.

स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची मूठ किंवा स्प्रिंग बदलणं हा छंद झाला. पैसे घेऊन इतरांची कामं करायला लागलात की तो धंदा होतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो.

इशारा: भारतातल्या वाचकांनी हा लेख माहितीसाठी वाचावा. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत आणि दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर बहुतेकांना दोनच शस्त्रं ठेवता येतात.

## टप्पा २: जपायचं कुठलं आणि हात लावायचा कुठल्याला, हे आधी ठरवा

माझं मत इथे ठाम आहे. संग्रहाचं रिव्हॉल्व्हर आणि हौशी बदलांचं रिव्हॉल्व्हर एकच असू नये.

कोल्टची पहिली पिढी १८७३ ते दुसऱ्या महायुद्धापर्यंतची, दुसरी १९५६ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, तिसरी १९७६ पासून पुढची. पहिल्या पिढीचं मूळ स्थितीतलं रिव्हॉल्व्हर कितीही फिकटलेलं असलं तरी त्याला कानस, पॉलिश किंवा नवा निळा रंग लावू नका. त्याची किंमत त्या झिजेत आणि जुळणाऱ्या क्रमांकांत असते. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीची मागची पट्टी अशा तिन्ही ठिकाणचे क्रमांक ताडून पाहा. महागडी खरेदी असेल तर कोल्टच्या अभिलेखागारातून त्या क्रमांकाचं पत्र मागवा. नळीची लांबी, मूळचा रंग आणि कुठे रवाना झालं याची नोंद त्यात मिळते. समोरची नळी साडेपाच इंचांची आणि पत्रात साडेसात लिहिलेलं असेल, तर भाव त्या हिशेबाने बोलायचा.

रुगरमध्ये १९७३ ही विभागणीची रेषा. त्याआधीच्या जुन्या मॉडेलच्या फ्रेमवर बाजूला तीन स्क्रू दिसतात, नंतरच्या ‘न्यू मॉडेल’वर दोन पिना. जुन्या मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्यावरच हॅमरचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोचवणारी सुरक्षा पट्टी) नाही. कंपनी ती मोफत बसवून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. असं रूपांतर झालेलं जुनं मॉडेल घेताना ‘मूळ भागांची पिशवी कुठे आहे?’ हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नका. संग्राहकाच्या दृष्टीने ती पिशवी म्हणजे त्या शस्त्राचाच भाग.

बदल करायला उबर्टीची नवी प्रतिकृती किंवा वापरलेलं रुगर व्हकेरो उत्तम. मात्र १९९३ चं मूळ व्हकेरो मोठ्या फ्रेमचं आहे आणि २००५ चं न्यू व्हकेरो कोल्टच्या मापाजवळचं. एकाच्या मुठी दुसऱ्याला बसत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे .४५ कोल्टची जी जोरदार काडतुसं ‘फक्त रुगरसाठी’ म्हणून मोठ्या फ्रेमकरता भरलेली असतात, ती न्यू व्हकेरोमध्ये कधीही घालायची नाहीत. पेटीवर रुगर लिहिलंय आणि हातातही रुगर आहे, एवढ्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: पैसे देण्याआधीची तपासणी

ही तपासणी दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटांत होते. मालकाची परवानगी घ्या. हॅमर ओढायचा आहे आणि तो अंगठ्याने धरून हळूच खाली सोडणार आहे, हे आधीच सांगा. नळी सुरक्षित दिशेला.

१. रिकामं आहे का? कोल्ट कुळात हॅमर हाफ-कॉकवर (अर्ध्यावर अडकणाऱ्या खाचेवर) आणा आणि लोडिंग गेट (काडतूस भरायची बाजूची झडप) उघडा. न्यू मॉडेल रुगरमध्ये हाफ-कॉक नाही. हॅमर पूर्ण खाली असताना गेट उघडलं की सिलिंडर मोकळा होतो. सहाही चेंबर (सिलिंडरमधली काडतुसांची घरं) एकेक करून डोळ्यांनी पाहा. विक्रेत्याने ‘रिकामं आहे’ म्हटलं तरी पाहा.

२. टायमिंग, म्हणजे हॅमर आणि सिलिंडर यांचा मेळ. सिलिंडरवर बोट हलकं टेकवून किंचित अडथळा द्या आणि हॅमर अगदी सावकाश ओढा. हॅमर पूर्ण मागे अडकतो त्याच सुमारास खालचा बोल्ट सिलिंडरच्या खाचेत बसायला हवा. हॅमर अडकला पण सिलिंडर अजून पुरता आलेला नाही, तर सिलिंडर फिरवणारा ‘हँड’ झिजलेला किंवा आखूड आहे. हे सहाही चेंबरवर करा. पाच ठीक आणि सहावा चुकणारा असेल तर दोष बहुधा मागच्या रॅचेटच्या (‘हँड’ ज्याला ढकलतो त्या चक्राच्या) दातात असतो आणि ते काम महाग पडतं.

३. ढकलून पाहणं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर पूर्ण ओढा. ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमर मागून पुढे दाबा. तो सुटता कामा नये. हाफ-कॉकच्या खाचेतही तसंच पाहा. इथे सुटलं तर कुणीतरी आत दगड किंवा कानस फिरवलेली आहे. खाली ठेवा आणि निघा. भाव कितीही चांगला असला तरी.

४. फट आणि हालचाल. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात ठेवा. सिलिंडर मागे दाबून नळी आणि सिलिंडर यांतली फट मोजा, मग सिलिंडर पुढे दाबून पुन्हा मोजा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरची मागे-पुढे हालचाल. फट साधारण ४ ते ८ हजारांश इंच असावी. १० च्या वर गेली तर गन्समिथचा (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा) खर्च धरून भाव करा. हॅमर ओढलेला असताना सिलिंडर बाजूला किंचित हलतो, ते साहजिक आहे.

५. नळी. उजेडाकडे धरून आत पाहा. एखादं गडद वलय दिसलं तर तिथे नळी आतून फुगलेली असण्याची शक्यता आहे. सिलिंडरकडचं नळीचं तोंड, म्हणजे फोर्सिंग कोन, तडा गेलेला नाही ना ते बघा. पुढच्या टोकाला ठोकर बसलेली असेल तर नेम बिघडतो.

६. स्क्रू. स्क्रूंच्या फाटलेल्या खाचा पाहिल्या की आधीच्या मालकाचा हात कसा होता ते कळतं. बाहेर असा निष्काळजीपणा असेल तर आतही असणार.

७. पुन्हा रंगवलंय का? कडा गोल झालेल्या, अक्षरं पुसट, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे, आणि गंजाच्या खड्ड्यांवरून चढलेला चकचकीत निळा रंग या खुणा खोटं बोलत नाहीत.

तपासणी: उबर्टीच्या काही प्रतिकृतींत बेस पिन (सिलिंडर जिच्यावर फिरतो ती) लांब असते आणि तिला दोन खाचा असतात. ती आतल्या खाचेत ढकललेली असली की हॅमर पूर्ण खाली जात नाही. ती सुरक्षेची सोय आहे, बिघाड नाही. एक खाच बाहेर ओढली की हॅमर चालतो.

## टप्पा ४: काहीही न बदलता आधी चालवा

घरी आणल्यावर स्वच्छ करा, तेल द्या आणि आहे तसंच मैदानावर न्या. एकाच प्रकारच्या काडतुसांचे निदान दोन डबे संपेपर्यंत पेचकस उचलू नका. या काळात चार गोष्टी वहीत लिहा: गोळ्या निशाणाच्या कोणत्या बाजूला जातात, एखादं काडतूस फुसकं जातं का, रिकामी पुंगळी कोणत्या चेंबरमध्ये अडकते आणि कोणता भाग सैल होतो. इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) नळकांड्याचा स्क्रू आणि बेस पिन हे दोन्ही धक्क्याने सैल होणारे भाग आहेत. प्रत्येक फेरीनंतर त्यांना हात लावून पाहा.

कोल्ट कुळातल्या आणि रूपांतर न झालेल्या जुन्या रुगरमध्ये पाचच काडतुसं भरायची. रीत अशी: एक भरा, एक चेंबर सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण ओढा आणि अंगठ्याने धरून रिकाम्या चेंबरवर खाली सोडा. हॅमर काडतुसावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. हाफ-कॉकची खाच हा सुरक्षेचा उपाय नव्हे.

इशारा: कोल्ट कुळात हॅमर हाफ-कॉकवरून सरळ खाली सोडू नका. पूर्ण मागे ओढून मगच सोडा. नाहीतर बोल्ट खाचेबाहेर पडतो आणि सिलिंडरभोवती घासत फिरतो. नव्याकोऱ्या रिव्हॉल्व्हरवर दिसणारी ती रेष बहुतेकदा याच सवयीची असते.

हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. शिसं नकळत पोटात जातं.

## टप्पा ५: खोलण्याची तयारी

लागतील ती हत्यारं: गन्समिथचे सरळ कडांचे पेचकस, पितळी पंच, नायलॉनचा हातोडा, मॅग्नेटची ताटली, मास्किंग टेप, जाड टॉवेल आणि संरक्षक चष्मा. घरातला साधा पेचकस टोकाकडे निमुळता असतो. तो खाचेच्या वरच्या कडेवर जोर देतो आणि तिथेच स्क्रू फाटतो. पेचकसाचं पातं खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीने बसलं पाहिजे. एवढ्या एका गोष्टीने निम्मं नुकसान टळतं.

स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका. भेदक तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, पेचकस खाचेत बसवून डोक्यावर हलकी टकटक करा आणि मग फिरवा.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या. पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रू सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. अदलाबदल झाली की आतला भाग अडतो.

कोल्ट कुळ: हाफ-कॉक, गेट उघडा, बेस पिनची कळ दाबून पिन ओढा, सिलिंडर उजवीकडून बाहेर घ्या. दोन तुकड्यांची मूठ एका स्क्रूने सुटते. अखंड लाकडी मूठ असेल तर मागची पट्टी काढावी लागते: हॅमरच्या मागे दोन स्क्रू, मुठीच्या तळाशी एक. आत सपाट पोलादी मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी) आहे. तिच्या ताणाखाली बोट ठेवू नका.

न्यू मॉडेल रुगर: मूठ काढल्यावर हॅमर ओढा, स्प्रिंगच्या दांड्यातल्या बारीक भोकात पिन घाला आणि हॅमर खाली सोडा. स्प्रिंग दांड्यावरच कैद राहते. पाच स्क्रू काढले की मुठीची फ्रेम सुटते. ती सुटताना दोन चिमुकल्या स्प्रिंगा आणि त्यांचे प्लंजर टपकन पडतात, एक पॉलचा (रुगरमधला ‘हँड’) आणि एक सिलिंडर लॅचचा (रुगरमधला बोल्ट). फ्रेम टॉवेलवर उलटी धरून सावकाश उचला.

इशारा: सिअर (हॅमर अडवून धरणारी कड), ट्रिगरचं टोक, हॅमरच्या खाचा आणि ट्रान्सफर बार यांवर कानस किंवा पॉलिशचा दगड चालवू नका. इथले पृष्ठभाग वरवर कठीण केलेले असतात. तो थर गेला की खाच भराभर झिजते आणि एक दिवस हॅमर आपोआप सुटतो. ट्रिगर जड वाटत असेल तर ते काम गन्समिथचं. त्याचे पैसे द्या.

## टप्पा ६: परत फिरवता येणारे बदल

पहिले बदल असेच करावेत की अर्ध्या तासात मूळ स्थिती परत आणता येईल.

*बेस पिन.* धक्क्याने पिन पुढे सरकत असेल तर आधी कळीची स्प्रिंग जरा जोरदार घाला. तेवढ्याने बहुतेकदा काम होतं. भोक झिजलेलं असेल तर किंचित जाड, कुलूप-स्क्रूची पिन मिळते. मोंटानातल्या बेल्ट माउंटनच्या पिना यासाठी नावाजलेल्या आहेत. नवी पिन हाताच्या दाबाने गेली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर ती चुकीच्या मापाची आहे.

*मेनस्प्रिंग.* रुगरची मूळ स्प्रिंग २३ पौंडांची. १७ ते १९ पौंडांच्या बाजारात मिळतात. सगळ्यात हलकी घेण्याचा मोह होतो आणि कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडातलं पेट घेणारं टोपण) फुसके जायला लागतात. आधी १९ ची लावा, आपल्या काडतुसांवर चालवा, एकही फुसकं गेलं नाही तरच खाली उतरा. कोल्ट कुळात हलकी सपाट स्प्रिंग वेगळी विकत घ्या. मूळची घासून पातळ करू नका.

एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि बिघडलं, तर शोधत बसाल.

काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून झिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीवर शस्त्राचं मॉडेल, क्रमांक आणि तारीख लिहा.

## टप्पा ७: मूठ बसवणं

छंदातलं सगळ्यात आनंदाचं काम हेच आणि घाईने बिघडणारंही हेच. तयार मुठी मुद्दाम मोठ्या बनवलेल्या असतात. त्या फ्रेमला घासून जुळवायच्या असतात, नुसत्या स्क्रू लावून आवळायच्या नसतात.

साहित्याबद्दल थोडं. अक्रोड सुरुवातीला चांगला. तो कानशीला सरळ जातो आणि चुकलं तरी स्वस्त. सांबरशिंगाच्या मुठी कोल्टवर फार देखण्या दिसतात आणि पूर्वी ते शिंग भारतातूनच जायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. म्हणून आज बाजारातलं शिंग जुन्या साठ्यातलं असतं किंवा एल्क या हरणाचं. मेळघाटात किंवा ताडोब्याच्या बाजूला कुणाच्या घरात जुनं शिंग पडलंय म्हणून ते बॅगेत घालून आणायचा विचारही करू नका. तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहे. शिसवाचंही जपून: २०१७ पासून त्याच्या (डॅल्बर्जिया) सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापाराच्या कराराच्या नियमनाखाली आहे. गावाकडून ठोकळा आणण्यापेक्षा अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. हस्तिदंत टाळाच.

कामाचा क्रम असा:

१. सिलिंडर काढा. मुठीच्या धातूच्या पट्ट्यांवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवा. उघड्या धातूजवळ काच पेपर फिरवला की निळा रंग गेलाच म्हणून समजा.

२. सुरुवात वरच्या वळणापासून. मुठीचा वरचा कंगोरा फ्रेमला जिथे टेकतो ती जागा आधी जुळली पाहिजे. फ्रेमच्या त्या कडेला काजळी किंवा लिपस्टिक अगदी पातळ लावा, मूठ टेकवा, उचला. लाकडावर जिथे डाग पडला तेवढीच जागा घासा. पुन्हा लावा, पुन्हा टेकवा. सबंध कडेवर सलग डाग उमटेपर्यंत हेच. कंटाळा येतो, पण धक्क्याचा जोर याच कडेवर येतो. एकाच बिंदूवर टेकलेली मूठ तिथूनच चिरते.

३. वरचं जुळल्यावरच मूठ जागी धरणाऱ्या खालच्या पिनेचं भोक पाडा. उलटं केलंत तर वरची फट कधीच मिटत नाही. भोक पिनेपेक्षा किंचित सैल ठेवा.

४. दोन्ही बाजू स्क्रूने हलक्या आवळा आणि फ्रेमच्या कडेने टोकदार पेन्सिलची रेघ ओढा.

५. मूठ काढा आणि रेघेच्या जरा बाहेरपर्यंत कानशीने उतरवा. कडेला सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेला काच पेपर वापरा. बोटांनी दाबून घासलं की कडा गोल होतात आणि धातूच्या शेजारी लाकूड बुटकं दिसतं.

६. शेवटची जुळणी टेप लावलेल्या फ्रेमवर. टेपच्या थराला पेपर लागला की थांबा. कागदाच्या जाडीइतकं लाकूड धातूच्या वर राहिलं तर उत्तम. लाकूड ऋतूप्रमाणे आक्रसतं-फुगतं.

७. १२० नंबरच्या पेपरपासून ४०० पर्यंत चढा, मग टंग ऑइल किंवा जवसाच्या तेलाचे पातळ थर. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. आतली बाजूही तेलाने बंद करा. ती विसरली की घामाचा ओलावा तिथून शिरतो.

इशारा: शिंग, शिंपला आणि हाड यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चांगला मास्क लावा आणि ओलं करून घासा.

तपासणी: स्क्रू बोटांच्या जोराने, फार तर पाव फेरा अधिक. आवळल्यावर फट मिटत असेल तर मूठ अजून जुळलेली नाही. आवळणं हा त्यावर उपाय नाही, ती मूठ चिरणार.

## टप्पा ८: पुढची माशी घासायची असेल तर

कोल्ट धर्तीच्या रिव्हॉल्व्हरला मागची निशाणी म्हणजे फ्रेममधला चर. तो हलत नाही. गोळ्या खाली जात असतील तर माशी घासून बुटकी करायची, म्हणजे गोळी वर जाते. गोळ्या आधीच वर जात असतील तर कानशीचा काही उपयोग नाही.

पण आधी काडतूस बदलून पाहा. बहुधा जड गोळी वर लागते, हलकी खाली. गोळ्या डावी-उजवीकडे जात असतील तर आधी तेच सुधारून घ्या. नळी किंचित फिरवावी लागते, ते गन्समिथचं काम.

किती घासायचं याचा हिशेब सोपा आहे. निशाणातली चूक गुणिले दोन्ही निशाण्यांमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. समजा २५ यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर, गोळ्या ३ इंच खाली लागतात आणि निशाण्यांमधलं अंतर ७ इंच आहे. ३ गुणिले ७ भागिले ९०० म्हणजे सुमारे २३ हजारांश इंच. त्यातलं निम्मं घासा, टेकू देऊन पुन्हा पाच-पाच गोळ्यांचे गट मारा, मग पुढचं ठरवा. माशीची उंची कॅलिपरने मोजून आधी लिहून ठेवा. माशी वाढवता येत नाही.

## टप्पा ९: रंग

थोडक्यात सांगतो, कारण घरी करण्यासारखं इथे फार नाही. ओरखड्यांपुरतं कोल्ड ब्लू (भट्टीशिवाय लावायचं निळं रसायन) चालतं. ॲसिटोनने तेल पूर्ण काढा, धातू कोमट करा, कापसाने पातळ लावा, धुवा, तेल द्या. सबंध रिव्हॉल्व्हर त्याने रंगवू नका, ठिपके-ठिपके दिसतं. फ्रेमवरचे खरे केस-हार्डनिंगचे (पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेचे) रंग भट्टीत, हाडांच्या कोळशात तापवून येतात. ते न्यूयॉर्क राज्यातल्या टर्नबुलसारख्या कारागिरांकडूनच करून घ्यावं. चुकीच्या तापमानाने फ्रेम वाकते. मूळ व्हकेरोचा रंग रासायनिक होता, त्यामुळे व्हिनेगरनेही उतरतो. जुनाट रूप देणाऱ्यांना ही सोय आहे. तसं करताना सगळे भाग सुटे करा आणि नंतर आम्ल पूर्ण धुऊन टाका.

इशारा: पॉलिश किंवा कोरीवकाम करताना अनुक्रमांक पुसट होऊ देऊ नका. क्रमांक मिटवलेलं शस्त्र बाळगणं हा संघीय गुन्हा आहे, हेतू काहीही असो.

## टप्पा १०: जोडल्यानंतरची चाचणी आणि साठवण

जोडून झाल्यावर टप्पा ३ मधली टायमिंगची आणि हॅमर ढकलून पाहण्याची चाचणी पुन्हा करा. त्यानंतर स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालून सहाही चेंबर चालवा. कोल्ट कुळात रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर ओढला की फायरिंग पिनच्या भोवतालचा भाग झिजतो, म्हणून स्नॅप कॅप लागतातच. मैदानावर पहिल्यांदा एकच काडतूस भरा. मग दोन. मग पाच. दरवेळी बेस पिन जागेवर आहे का ते पाहा.

ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओलावा धरतं आणि कमावणीतली रसायनं धातू खातात. सिलिकॉन लावलेल्या कापडी मोज्यात, कुलूपबंद तिजोरीत, ओलावा शोषणाऱ्या दांड्यासह ठेवा. प्रत्येक शस्त्राचे फोटो, क्रमांक, पावती, कोल्टचं पत्र आणि केलेल्या बदलांची यादी एका फाइलमध्ये ठेवा आणि तिची एक प्रत घराबाहेर. घराच्या सर्वसाधारण विम्यात शस्त्रांच्या चोरीला बहुधा मर्यादा असते. संग्रह वाढला की वेगळं कलम जोडून घ्या.

आणि मैदानावर नेण्याची बॅग फक्त मैदानासाठीच वापरा. भारतात जाताना तीच बॅग भरली आणि शिवणीत एखादं विसरलेलं काडतूस निघालं, तर मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. पुढचे महिने मग कोर्टाच्या तारखांत जातात. भारतभेटीसाठी बॅग वेगळीच ठेवा.